जायच्या आधी पाहिलेलं तळं

त्या वर्षी आमच्या घरात सगळं 'जायच्या आधी' चाललं होतं. जायच्या आधी दात दाखवून घे. जायच्या आधी तो बासमती संपवायला हवा. जायच्या आधी शेजारच्यांचा डबा परत करून ये. जाणार होतो आई आणि मी, ठाण्याला, मामाकडे. बाबा मागे राहणार होते.

आम्ही दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचो. बाबा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांची कंपनी उंच इमारतींमधल्या मोटारी, पंप, लिफ्ट असली कामं करायची. दोन हजार आठ संपता संपता एकेक इमारत अर्ध्यावर थांबली, आणि नव्या वर्षात बाबांना सांगण्यात आलं की एप्रिलअखेरपर्यंत येत राहा, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय, ते तेव्हा सगळ्यांना कळत होतं. बाबा रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला जायचे. तिथे करायला काही उरलं नव्हतं. दुपारी परत येताना जुमैराच्या दगडी बांधावर गळ टाकून बसायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी यायचे. दाभोळच्या खाडीवर वाढलेला माणूस, त्यामुळे गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी रॉड कायम असायचाच.

नोकरी डळमळली की काय करायचं, याची तिथल्या आपल्या माणसांत एक ठरलेली रीत होती. आधी 'फॅमिली पाठवायची'. बायको-मुलं भारतात गेली की घर सोडायचं, सामान विकायचं, आणि पुरुषाने चार-सहा जणांच्या खोलीत एक कॉट घ्यायची. त्याला बेडस्पेस म्हणत. लग्नाला पंधरा वर्षं झालेला माणूस त्या दिवसापासून 'बॅचलर' म्हणून ओळखला जायचा, आणि त्यात कुणाला काही गमतीचं वाटत नसे. बाबांच्या एका मित्राने अबू धाबीजवळच्या मुसफ्फाला त्यांच्यासाठी खालची कॉट बोलून ठेवली होती. वरची नको, कारण बाबांचे गुडघे दुखायचे.

मी तेव्हा आठवीची परीक्षा दिली होती. शाळेत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्गातून मुलं जातच होती. रोज एखादा बाक रिकामा व्हायचा, आणि जाणाऱ्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. माझ्या गळ्यात कुणी पडावं असं मला वाटत नव्हतं. घरी सोफा बघायला माणसं यायची. मी त्यावर बसलेली असले की 'बसू दे, बसू दे' म्हणायची आणि मग माझ्या शेजारी बसून, स्प्रिंग कशी आहे ते पाहण्यासाठी जरा उसळ्या मारायची. मी टीव्हीकडे बघत राहायचे.

मला भीती एकाच गोष्टीची होती, पण ती मी कुणाला सांगितली नाही. बाबांना त्यांच्या वस्तू सापडत नसत. चष्मा कपाळावर असायचा आणि ते घरभर ओरडत फिरायचे, "अगं, माझा चष्मा?" मग आई किंवा मी, जी जवळ असेल ती, नुसतं बोट कपाळाला लावून दाखवायची. मुसफ्फाच्या त्या खोलीत ते कुणाला विचारतील, हे मला सुचत नव्हतं.

मार्चच्या शेवटी पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराहून फोन आला. तिथल्या बंदराजवळ तेल साठवायच्या टाक्यांचं एक टर्मिनल होतं. त्यांना पंप आणि मोटारी सांभाळणारा इंजिनिअर हवा होता. बाबा म्हणाले, "जाऊन येतो. होणार काही नाही."

"आम्ही पण येतो," आई म्हणाली. "जायच्या आधी फुजैरा तरी बघू."

तर आम्ही तिघं निघालो. आईने पोळ्या, बटाट्याची भाजी, दही, लोणचं असं सगळं बांधून घेतलं. वाटेत मसाफीच्या बाजारात डाळिंबं घ्यायला ती थांबली. बाबा इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता गाडी चालवत होते.

टर्मिनलच्या ऑफिसपाशी आम्हाला गाडीत बसून राहू दिलं नाही. रिसेप्शनवरच्या फिलिपिनो बाईने स्वतः बाहेर येऊन आईला आणि मला आत नेलं आणि थंड ज्यूस दिला. बाबा आतल्या खोलीत गेले. मला अनोळखी जागी बोलता येत नाही, म्हणून मी भिंती बघत बसते. त्या भिंतीवर फोटो होते. टाक्यांचा फोटो एकच होता, आणि तोही दाराआड. बाकी सगळे पिकनिकचे होते. पोत्यात पाय घालून पळणारी मुलं, केकच्या ताटल्या धरलेल्या बायका, कुणाच्या तरी खांद्यावर बसलेलं बाळ. शेजारी फळ्यावर शाळेच्या बसच्या वेळा लावल्या होत्या, आणि खाली कुणीतरी लहान मुलाची सायकल विकायची आहे असं हाताने लिहिलं होतं.

अर्ध्या-पाऊण तासाने बाबा बाहेर आले. त्यांच्याबरोबर मॅनेजर होता, जॉर्डनचा, टकला, आणि चालताना हात मागे बांधणारा. त्याने आईला सलाम केला आणि माझ्यासमोर उभा राहून इंग्रजीत विचारलं, "कितवीत?"

"एट. फिनिश्ड," मी म्हटलं.

"इथे इंडियन स्कूल चांगली आहे. माझ्या इंजिनिअरांची मुलं सगळी तिथेच जातात. तुला समुद्र आवडतो?"

मी खांदे उडवले. आईने मला कोपर मारलं. मॅनेजर बाबांकडे बघायला लागला, जणू पुढचं उत्तर ते देणार होते. बाबा नुसतंच हसले.

"ओके, वी विल कॉल, इन्शाल्ला," तो म्हणाला आणि आत गेला.

गाडीत बसल्यावर बाबांनी टाय काढून मागे माझ्याकडे टाकला. "झालं. चला."

"कसा झाला?" आईने विचारलं.

"ठीक. फोन करतो म्हणाला. सगळेच म्हणतात." मग एकदम, कुणीतरी सुट्टी दिल्यासारख्या आवाजात, "इथे डोंगरात एक तळं आहे म्हणे. गोड्या पाण्याचं. ऑफिसातला एक जण सांगत होता. या वर्षी पाऊस झालाय, भरलं असेल. बघायचं?"

"गोड्या पाण्याचं तळं? या वाळवंटात?" आई म्हणाली. "बघू या. जायच्या आधी."

रस्ता समुद्र सोडून आत वळला आणि डोंगर जवळ आले. तिथले डोंगर म्हणजे नुसता दगड. भाजलेल्या विटांच्या रंगाचे, गवताची काडी नसलेले. मधून सुकी वाट होती, पांढऱ्या गोट्यांनी भरलेली. पाऊस पडला की तिच्यातूनच पाणी धावतं, आणि ते अडवायला पुढे भिंत घातली होती. बाबांनी गाडी भिंतीच्या कडेने वर चढवली, आणि खाली पाणी दिसलं.

तळं लहानच होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाने त्याला तळं म्हणावं की नाही, शंकाच आहे. पण हिरवं, गच्च, शांत पाणी दोन डोंगरांच्या मध्ये भरून राहिलं होतं, आणि त्याला वास होता पाण्याचाच. मिठाचा नाही, क्लोरिनचा नाही. काठाला बोरीची दोन-तीन झाडं आणि पाण्यात अर्धी बुडालेली एक खजुरी. पलीकडे बकऱ्या दगडांवरून उतरत होत्या. आवाज नव्हता कसलाच. आमच्या घराशेजारच्या हायवेचा आवाज इतकी वर्षं कानात होता, हे मला तो बंद झाल्यावर कळलं.

"नेटवर्क नाही," बाबा फोन बघत म्हणाले. आणि तो खिशात ठेवताना त्यांचा चेहरा गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला. फोन येणार नाही म्हणजे नकारही येणार नाही.

भिंतीपाशी एका खोलीत वॉचमन होता, पठाण, केसांना मेंदी लावलेला. त्याने पाटी दाखवली, पोहायला मनाई.

"मछली पकड सकते हैं?" बाबांनी विचारलं.

"पकडो, भाईसाब. पकडोगे तो मुझे भी दिखाना." आणि तो आपल्याच विनोदावर खूप वेळ हसला.

आईने बोरीखाली चादर पसरली. बाबांनी इंटरव्ह्यूचे बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डिकीतून रॉड काढला. आइसबॉक्समध्ये गोठवलेली कोळंबी होती. समुद्रावर नेहमी तेच आमिष लावायचे. मोठा गळ, कोळंबी, शिशाचं वजन, आणि त्यांनी तो असा काही फेकला की समोरच्या बकऱ्यांनी मान वर केली.

"अहो, तळं आहे ते, अरबी समुद्र नाही," आई म्हणाली.

"माशाला काय कळतंय?"

माशाला कळत असावं. अर्धा तास झाला तरी गळाची तंगूस हलली नाही. बाबांनी जागा बदलली, कोळंबी बदलली, एकदा कोळंबीचं डोकं लावलं, एकदा शेपूट. दर वेळी गळ जसाच्या तसा परत यायचा, फक्त कोळंबी जरा पांढरी पडलेली. ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटतं ते त्या माशांशी दाभोळी बोलत होते.

मी पाण्याशी बसून जेवत होते. पोळीचा एक तुकडा हातातून सुटून पाण्यात पडला आणि खालून एकदम पाच-सहा तोंडं आली. लहान, गोल, उघडमीट करणारी तोंडं. तुकडा गेला. मी आणखी एक टाकला. या वेळी पाणी उकळल्यासारखं झालं. करड्या, चपट्या अंगाचे मासे होते, तळहाताएवढे, पाठीवर काटेरी पंखा असलेले. मी टाकत राहिले. बाबा मला पाठमोरे होते. त्यांना हाक मारावी असं वाटलं, पण इतका वेळ ते इतके मन लावून चुकत होते की मोडवेना.

शेवटी आईने पाहिलं. "अहो, इकडे बघा. तुमचे मासे पोळी खातायत."

बाबा रॉड तसाच धरून आले. बघत राहिले. "चिलापी," ते म्हणाले. "उजनीला असते ती."

"शी, चिलापी!" आई गिरगावात वाढलेली. समुद्राच्या माशाशिवाय कशाला मासा म्हणत नाही. "पकडलीत तरी मी शिजवणार नाही, आत्ताच सांगते. चिखलाचा वास येतो तिला."

"पकडली तर ना," बाबा म्हणाले. "त्यांना काय हवंय ते आधी विचारायला हवं होतं."

मग ते जेवायला बसले. आईने त्यांना वाढलं आणि तिने आतापर्यंत मोठ्या कष्टाने दाबून ठेवलेला प्रश्न विचारला. "काय काय विचारलं त्यांनी?"

"नेहमीचंच. पंप कुठले हाताळलेत, शिफ्ट चालेल का, केव्हा येऊ शकाल. बराच खूश होता तो. तिथपर्यंत."

"कुठपर्यंत?"

"मग फॅमिलीचं विचारलं. म्हटलं, फॅमिली परत चाललीय इंडियाला. मी सिंगल स्टेटसवर येईन, नो प्रॉब्लेम." हे बाबांनी थोड्या अभिमानाने सांगितलं. आपण कंपनीला किती सोयीचे आहोत, हे त्यांना आधीच सुचलं होतं ना.

सिंगल स्टेटस म्हणजे काय, ते आम्हा तिन्ही जणांना पक्कं ठाऊक होतं. नोकरी तेवढी मिळते. बायको-मुलांचा व्हिसा, घर, त्यांची तिकिटं यातलं काही कंपनीकडे मागायचं नाही. त्या दिवसांत सगळेच मित्र एकमेकांना सांगत होते, सिंगल स्टेटस सांग, लवकर घेतात.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, ओके."

मला त्या टोपणाचा आवाज जणू ऐकू आला. मी पुष्कळदा गप्प असते, कारण मला वाटतं की मी पाहिलेलं इतरांनीही पाहिलेलंच असणार. पण बाबा आतल्या खोलीत होते. भिंतीकडे बघायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "आय थिंक दे वॉन्ट फॅमिलीज."

"काय?"

"द फोटोज. ऑल ऑफ देम आर किड्स. स्कूल बसचं टायमिंग लावलंय भिंतीवर. अँड ही आस्क्ड मी अबाउट स्कूल. व्हाय वुड ही आस्क?"

बाबांनी घास खाली ठेवला.

"बरोबर आहे," आई हळूच म्हणाली. "माझ्याशीही ती रिसेप्शनवरची मुलगी तेच बोलत होती. कुठल्या बिल्डिंगा चांगल्या, कुठे भाजी मिळते. मला वाटलं, उगाच बोलतेय." मग तिचा आवाज बदलला. "आणि तुम्ही मला न विचारता मला पाठवून मोकळे झालात?"

"अगं, तिकीट काढलंय ना तुमचं! त्यात नवीन काय विचारायचं?"

"तिकीट नोकरी गेली म्हणून काढलंय. नोकरी मिळत असेल तर आम्ही कशाला जाऊ?"

"तसं नसतं ते. फॅमिली म्हटली की कंपनीला सतरा भानगडी. बाहेर चार माणसं उभी आहेत, त्यातला मलाच कशाला घेईल तो?"

"ते त्याला ठरवू द्या की. तुम्ही आधीच कशाला नाही म्हणालात त्याच्या वतीने? आणि समजा घेतलं सिंगल म्हणून. मग? वर्षातून एकदा येणार, सुटकेसभर चॉकलेटं घेऊन? हिचं लग्न होईपर्यंत?"

"लोक राहतात."

"लोक राहतात, कारण त्यांना कुणी विचारत नाही. तुम्हाला विचारलं होतं!"

पाण्यात एक मासा उसळला, कदाचित माझ्या पोळीच्या आशेने. आई डबे एकात एक घालायला लागली होती, खणाखण.

"फोन करा त्याला," ती म्हणाली.

"नेटवर्क नाहीये."

"गाडी आहे ना?"

बाबांनी एकदा तळ्याकडे पाहिलं. तिथून जायला त्यांना किती नको होतं, ते मला दिसत होतं. फोन केला तर उत्तर मिळणार होतं, आणि उत्तर कुठलंही असू शकत होतं. मग ते उठले. रॉड, बॉक्स, चादर, सगळं तिथेच ठेवलं, वॉचमनला हात केला आणि अनवाणीच गाडीत बसले.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर फोनला एक दांडी आली, तिसऱ्यावर दोन. बाबांनी गाडी कडेला घेतली. फोन हातात धरून ते नुसते बसून राहिले. आईने तो त्यांच्या हातातून घेतला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"येस?" मॅनेजरचा आवाज.

"सर, मी, आज सकाळी आलो होतो. इलेक्ट्रिकल." बाबांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "सर, एक करेक्शन आहे. मी सिंगल स्टेटस म्हटलं. पण माझी इच्छा... म्हणजे शक्य असेल तर... फॅमिली माझ्याबरोबर राहील. कंपनीला अडचण असेल तर मी समजू शकतो, सर."

पलीकडे कुणीतरी अरबीत बोललं, दार लागलं.

"हबीबी," मॅनेजर म्हणाला, "मग सकाळी वेगळं का सांगितलंस?"

बाबा आईकडे बघायला लागले. आईने हाताने खूण केली, सांगा, सांगा.

"सर, मला वाटलं कंपनीला तेच बरं पडेल."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. पठाणासारखा नाही, थकलेल्या माणसाचा. "ऐक. मी सिंगल माणूस घेतला की तो इथे कंटाळतो. इथे मॉल नाही, मित्र नाहीत. दुबईत जरा बरं चाललं की पळतो. मग मी पुन्हा नवा माणूस शोधायचा, पुन्हा त्याला पंप दाखवायचे. मला असा माणूस हवा ज्याची मुलगी इथल्या शाळेत असेल. सकाळी तुझं काम ऐकलं, मला वाटलं, चला, सापडला माणूस. आणि तू म्हणतोस फॅमिली परत चालली! मी म्हटलं, खलास. आणि बाहेर येतो तर तुझी मुलगी! ती आणलीस कशाला, दाखवायला?"

"दाखवायला नाही, सर. ती नुसती फिरायला आली होती."

"रविवारी, ऑफिस उघडलं की ये. पासपोर्टच्या कॉपी आण. तिघांच्या."

"येस, सर. थँक यू, सर."

"आणि ती मुलगी. ती बोलते ना?"

बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "बोलते, सर," ते म्हणाले. "कधी कधी."

फोन बंद झाला. एक पिकअप बकऱ्या घेऊन वर गेली. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या दगडांकडे बघत होते.

"तिघांच्या म्हणाला," ते म्हणाले.

"ऐकलं."

"तिघांच्या कॉपी."

"अहो, स्पीकरवर होता तो," आई म्हणाली, आणि तिथेच, पदर तोंडाला लावून, हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी मागच्या सीटवरून हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला. माझा हात तिने असा काही दाबला की अंगठी रुतली. मी काढून घेतला नाही.

रॉड आणायला आम्ही परत तळ्यावर गेलो. आता घाई नव्हती. बाबांनी डब्यातून सगळ्यात बारीक गळ काढला, पोळीची गोळी मळून त्याला लावली आणि लांब न फेकता अलगद, काठाजवळच सोडला. लगेच तंगूस ताणली गेली. मासा वर आला तो वळवळत, उन्हात हिरवट चमकत. पठाण खोलीतून धावत आला.

"दिखाओ, दिखाओ! अरे वाह, भाईसाब! ये तो रोटी का दीवाना है, पक्का पंजाबी!"

आई तोंड फिरवून म्हणाली, "सोडा त्याला. मी शिजवणार नाही म्हटलं ना." बाबांनी काळजीपूर्वक गळ काढला आणि मासा ओंजळीत धरून पाण्यात ठेवला. तो क्षणभर तिथेच थांबला, मग गेला. त्यानंतर त्यांनी आणखी चार पकडले आणि चारही सोडले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना काहीतरी परत द्यावंसंच वाटत होतं.

पुढे आम्ही त्या तळ्यावर खूपदा गेलो. फुजैराहून ते जवळच होतं. पावसानंतर भरायचं आणि उन्हाळ्यात आटत आटत पार खालच्या दगडांपर्यंत जायचं. एका वर्षी तर मधोमध नुसतं डबकं उरलं आणि मासे पाठी उघड्या टाकून त्यात पडून होते. बाबा आणि पठाणाने बादल्यांनी ते उचलून वॉचमनच्या खोलीमागच्या टाकीत नेऊन टाकले होते. आई शेवटपर्यंत एकही चिलापी खायला तयार झाली नाही. आम्हाला पोळ्या मात्र जास्त बांधून द्यायची, माशांसाठी. मी तिथे दहावीचा अभ्यास केला, बारावीचाही. कॉलेजसाठी भारतात आले तेव्हा माझ्या मैत्रिणी समुद्राचे फोटो बघून 'वॉव, दुबई!' म्हणायच्या. मी तळ्याचे फोटो कुणाला दाखवले नाहीत. त्यात बघण्यासारखं काही नाही. दोन डोंगर, पाणी, आणि पँट दुमडून बसलेला एक माणूस.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ऊन उतरल्यावर आम्ही दुबईच्या रस्त्याला लागायला हवं होतं. आई म्हणाली, "एक घर बघून जाऊ."

"रविवारी सही होऊ दे तरी," बाबा म्हणाले.

"बघायला काय जातंय?"

बंदराकडून शहरात येताना एका चारमजली इमारतीवर 'टू लेट'ची पाटी होती. खाली लॉन्ड्री, शेजारी मलबारी हॉटेल, परोट्यांचा वास. इमारतीचा वॉचमन चाव्यांचा जुडगा घेऊन आला. त्याने आधी बाबांकडे पाहिलं. त्यांची पँट अजून दुमडलेलीच होती आणि बूट हातात होते.

"फॅमिली या बॅचलर?" त्याने विचारलं. "बॅचलर को नहीं देते, साब."

"फॅमिली," बाबा म्हणाले. जरा मोठ्यानेच. मग वॉचमनला नीट दिसावं म्हणून दारातून बाजूला झाले, आणि मागे आई आणि मी उभ्या होतो.

घर रिकामं होतं. आमच्या बोलण्याचा आवाज घुमायचा. आई थेट स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. तिने तो कितीतरी वेळ वाहू दिला आणि एका हाताने ओटा पुसत राहिली, जरी पुसायला काही नव्हतं. मी आतल्या लहान खोलीत गेले. खिडकीतून लॉन्ड्रीचं मागचं अंगण दिसत होतं, आणि दोरीवर बोटीवरच्या माणसांचे भगवे डगले ओळीने वाळत होते. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. कुणी बघत नव्हतं, म्हणून पाय लांब केले.

बाहेर बाबा उगाच प्रत्येक दिव्याचं बटण लावून बघत होते. वॉचमन दाराशी चाव्या वाजवत उभा होता, आणि आई त्याला विचारत होती की सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येतं.